शुक्रवार दुपार ते सोमवार संध्याकाळ: नांदेडच्या एका कुटुंबाची संभाजीनगर सहल

कुटुंब नांदेडचं, माणसं सहा. माझी मावसबहीण, दाजी, तिचे सासू-सासरे, 12 वर्षांचा मुलगा आणि 6 वर्षांची मुलगी. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. निवृत्त शिक्षक, विषय इतिहास. वाचन दांडगं, पण दोन्ही गुडघे बोलायला लागलेले. सासूबाई चालण्यात सुनेला मागे टाकतील, मात्र त्यांची एकच अट: घृष्णेश्वराचं दर्शन झालं पाहिजे, बाकी तुम्ही न्याल तिकडे येते. महिना जानेवारीचा. शुक्रवारी दुपारी रेल्वेनं छत्रपती संभाजीनगरला उतरायचं, सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं परत. इथे फिरायला ड्रायव्हरसह भाड्याची गाडी.

बहिणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली: अजिंठा, वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद, खुलताबाद, भद्रा मारुती, म्हैसमाळ, बीबी का मकबरा, पाणचक्की, औरंगाबाद लेणी, सिद्धार्थ उद्यान, पैठण, शिर्डी, शनिशिंगणापूर. चौदा ठिकाणं. खाली दाजींचा व्हॉइस मेसेज: "दादा, एवढं बसवून द्या. पैसे घालून यायलोत तर सगळं बघूनच जाऊ."

यातलं एकही ठिकाण टाकाऊ नाही. पण यादी नकाशा समोर ठेवून केलेली होती, आणि नकाशावर सगळं हाताच्या अंतरावर दिसतं. दौलताबाद 15 किलोमीटर, वेरूळ 30, पैठण पन्नासच्या वर, अजिंठा 100, शिर्डी त्याहून थोडं पुढे. किलोमीटरला वेगानं भागलं की चौदाही बसतात. गाडीचा दरवाजा उघडल्यापासून लेण्याच्या दारात पोचेपर्यंतचा वेळ मात्र या भागाकारात कुठेच येत नाही, आणि सहलीचा दिवस खातो तो हाच वेळ.

आधी वार

बहिणीच्या मूळ बेतात अजिंठा सोमवारी होतं. "शेवटच्या दिवशी मोठं ठेवलंय," असं तिचं म्हणणं. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ मंगळवारी. ही गोष्ट इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते, तरी दर सोमवारी कुणीतरी फर्दापूरच्या फाट्यावरून गाडी वळवतंच. जाऊन-येऊन 200 किलोमीटर आणि एक अख्खा दिवस गेलेला असतो.

म्हणून आखणीला बसलं की मी आधी वार मांडतो. बंदचे वार झाले की गर्दीचे. शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीची गर्दी, कारण तिथला निद्रिस्त हनुमान आणि वार त्याचा. सोमवारी घृष्णेश्वर. रविवारी वेरूळ आणि मकबरा, कारण अख्खं संभाजीनगर बाहेर पडतं. त्यात डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या सहली. लाल एसट्या एकापाठोपाठ एक वेरूळच्या पार्किंगमध्ये लागतात आणि साडेदहाच्या सुमाराला कैलासाच्या प्रांगणात शिट्ट्यांशिवाय काही ऐकू येत नाही.

अजिंठ्याला राहिले शनिवार आणि रविवार. मी शनिवार धरला. एक तर तो सगळ्यात लांबचा पल्ला, पाय ताजे असताना झालेला बरा. दुसरं म्हणजे शनिवारी काही बिनसलं, कुणाचं पोट बिघडलं, गाडी बंद पडली, तर रविवार हाताशी राहतो. अजिंठा रविवारी ठेवून फसलं तर पुढे सोमवार, म्हणजे कुलूप. ज्या जागेसाठी माणूस एवढ्या लांबून येतो, तिच्या मागे एक मोकळा वार असावा, हे मी प्रत्येकाला सांगतो. ऐकतात थोडेच.

सासूबाईंना दर्शन सोमवारीच हवं होतं. महादेवाचा वार, तो कसा सोडायचा. फोनवर मी त्यांना सोमवारची रांग समजावून सांगितली आणि आबांना तिथे किती वेळ उभं राहावं लागेल तेही. थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "बरं मग रविवारी पहाटे. पण अंघोळ करून, उपाशी पोटी." ठरलं.

अजिंठ्याला जायला किती वेळ लागतो

दाजी नांदेड-लातूर रस्त्यावर स्वतः गाडी चालवणारे. शंभर किलोमीटर म्हटल्यावर त्यांनी पावणेदोन तास लिहून टाकले. हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड, मग घाट उतरून फर्दापूरचा फाटा; सिल्लोडची बाजारपेठ आणि एक चहा धरून अडीच तास मोजावेत. पुढचा भाग बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसतो. खासगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. ती फाट्यावरच लावायची, दुकानांच्या रांगेतून चालत बसथांब्यावर जायचं. वाटेत रंगीत स्फटिकांचे दगड विकणारे पोरांच्या हातात दगड ठेवून देतात आणि मग तो परत घेत नाहीत. तिथून एसटी महामंडळाच्या बसनं 4 किलोमीटर. मग तिकीट, मग पायऱ्या. गाडीच्या दारापासून पहिल्या लेण्यापर्यंत सहा जणांच्या, त्यातही एका आजोबा आणि एका छोटीच्या, कुटुंबाला पाऊण ते एक तास जातो. परतताना पुन्हा तेच.

आता आतला वेळ. वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर एका रांगेत तीस लेणी. सगळी पाहायची म्हटलं तर अभ्यासकाला आठवडा लागेल आणि सहा वर्षांच्या मुलीला पाचव्या लेण्यातच रडू येईल. रंगचित्रं असलेल्या लेण्यांत बूट-चपला बाहेर काढाव्या लागतात. क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट मी बहिणीला तीनदा लिहिली: लेसचे बूट कुणीही आणू नका. सहा माणसं, प्रत्येक लेण्याच्या दारात बूट सोडायचे, आत जायचं, बाहेर येऊन आपला जोड शोधायचा, पोराच्या लेसला गाठ बसलेली, आबांना टेकायला भिंत हवी. दरवेळी पाच मिनिटं धरली तरी सात लेण्यांचा अर्धा तासाच्या वर हिशोब होतो. अंगठ्याच्या चपला किंवा चढवायचे सँडल असले तर हाच वेळ एका जादा लेण्याला मिळतो.

दुसरं डोळ्यांचं. बाहेर लख्ख ऊन, आत मुद्दाम मंद ठेवलेला उजेड. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही आणि बरेच लोक नेमके त्याच दोन मिनिटांत आत फेरी मारून "काही नाही, पुसलंय सगळं" म्हणत बाहेर पडतात. फ्लॅशला बंदी आहे ती रंगांसाठी, आणि ती पाळावी. भिंतीसमोर उभं राहिलं की आधी दागिने दिसतात, मग डोळे, मग हळूहळू मागची माणसं पुढे येतात. म्हणून प्रत्येक चित्रलेण्याला पंधरा मिनिटांच्या खाली धरायचं नाही, असा माझा नियम.

आबांशी बोलून निवड केली. पहिलं लेणं पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासाठी आणि त्याला लागून दुसरं, छतासाठी. दहावं कारण ते सर्वांत जुन्यांपैकी, ख्रिस्तपूर्व काळातलं, आणि 1819 मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथेच एका खांबावर आपलं नाव कोरून ठेवलंय. सोळावं कारण तिथे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, आणि आबा त्यासाठी शंभर काय दोनशे किलोमीटर आले असते. सतरावं जातककथांच्या, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींच्या, भिंतींसाठी. सव्विसावं महापरिनिर्वाणाच्या शिल्पासाठी. सात मीटरांच्या आसपास लांबीचा बुद्ध कुशीवर पहुडलेला, खाली रडणारे शिष्य, वर आनंदी देव. एकोणिसावं 'जमलं तर'.

हा 'जमलं तर' या कुटुंबाच्या सगळ्या वेळापत्रकाचा कणा होता. प्रत्येक अर्ध्या दिवसाला एक पक्की जागा, ती आधी. तिच्यामागे एक 'जमलं तर'ची जागा, जी सुटली तर कुणाच्या जिवाला लागणार नाही. तिसरी जागा लिहायचीच नाही. दाजींना हे पटेना. "म्हणजे दिवसाला चारच की हो!" मी म्हटलं, चार झाली तर मलाच फोन करून सांगा.

गाळलेल्या जागा आणि त्यावरून झालेली वादावादी

शिर्डी आणि शिंगणापूर आधी गेले. यादीत ते आले होते कारण प्रत्येक ड्रायव्हर आणि प्रत्येक शेजारी "एवढं आलातच तर" म्हणतो. शिर्डी हा स्वतंत्र प्रवास आहे. दर्शनाची रांग किती हे आधी सांगता येत नाही, म्हणजे त्या दिवशी मागे-पुढे दुसरं काहीच पक्कं लिहिता येत नाही. सासूबाई यावर चटकन तयार झाल्या. त्यांचा महादेव शाबूत होता.

दाजींनी दरम्यान एका गाडीवाल्याशी बोलून आणलं: अजिंठा आणि वेरूळ एकाच दिवसात, हमखास. असा बेत विकणारे शहरात पुष्कळ आहेत. मी त्यांना फक्त घड्याळ मांडून दाखवलं. अजिंठा सकाळी नऊला उघडतं. वेरूळला जानेवारीत सहाच्या सुमाराला सूर्य मावळला की बाहेर. फाट्यावर पावणेनऊला पोचलात, चालणं-बस-पायऱ्यांत तास गेला, लेण्यांत दोन तास, परत फाट्यावर एक वाजता. जेवण. फुलंब्री-खुलताबादकडून वेरूळ गाठायला अडीच तास. म्हणजे चार-साडेचारला कैलास, आणि त्या वेळी आबांचे गुडघे, मुलीची झोप आणि सगळ्यांची चिडचिड एकत्र. वेरूळ लेणी पश्चिमाभिमुख आहेत, संध्याकाळचं ऊन कैलासावर फार देखणं पडतं, ही त्या बेताची एकमेव जमेची बाजू. एकट्यादुकट्या फोटोग्राफरनं खुशाल करावं.

खुलताबाद गाळताना मात्र मलाच वाईट वाटलं. औरंगजेबाची उघड्यावरची साधी कबर तिथे आहे, ज्यानं खडकी म्हणजे आजचं हे शहर वसवलं, त्याला नहरींचं पाणी दिलं तो मलिक अंबरही तिथेच आहे. वेरूळहून येताना पंधरा मिनिटं थांबून खुलताबाद 'उरकणं' हा त्या गावावर अन्याय आहे. त्याला निवांत अर्धा दिवस द्यावा किंवा सोडून द्यावं. म्हैसमाळ जानेवारीत वाळलेलं असतं, ते पावसाळ्यात पाहायचं. औरंगाबाद लेणी शहराच्या अगदी उशाला, गर्दी नसलेली, आणि मला स्वतःला फार आवडणारी. पण चढ खडा आहे आणि आबांना तो जमला नसता. सिद्धार्थ उद्यान मुलांसाठी लिहिलं होतं. बाग नांदेडलाही आहे.

पैठणवरून मात्र घरात खरी वादावादी झाली. आबांना नाथांची समाधी आणि वाडा हवा, मुलाला दौलताबादचा किल्ला हवा, आणि सोमवारची सकाळ एकच. बहीण मध्ये अडकली. "दादा, तूच सांग कुणाला नाही म्हणू," असा रात्री मेसेज. मी काही सांगण्याआधी आबांनीच सोडवलं. नाथषष्ठीला ते एरवीही पैठणला जातात, फाल्गुनात पुन्हा जाणारच होते. "पोराला किल्ला दाखवा. मला चढायचा नाही, पण त्यानं चढला पाहिजे." सासूबाईंना पैठणी पैठणलाच घ्यायची होती, तीही खरेदी मग फाल्गुनावर गेली. दाजींनी या निर्णयाला लगेच अनुमोदन दिलं.

शेवटी कागदावर राहिलं ते असं. शुक्रवारी दुपारनंतर मकबरा, जमलं तर पाणचक्की. शनिवारी अजिंठा, संध्याकाळ रिकामी. रविवारी पहाटे घृष्णेश्वर, मग वेरूळ, दुपारी झोप, संध्याकाळी जमलं तर गुलमंडीत फेरफटका. सोमवारी सकाळी चढणाऱ्यांना दौलताबाद, आबा-सासूबाई आमच्या घरी, सगळ्यांचं जेवण आमच्याकडे, संध्याकाळी स्टेशन.

धपाटे

एक अडचण हॉटेलची होती. खोलीच्या भाड्यात नाश्ता धरलेला, आणि तो साडेसातच्या आत मिळत नाही. फुकटचा नाश्ता सोडून निघणं मराठी माणसाला जड जातं, म्हणून पाहुणे साडेसातला बसतात, आठ-सव्वाआठला उठतात आणि साडेदहाला एसट्यांच्या मागे उभे राहतात. यावर बहिणीला एकच सांगितलं: नांदेडहून धपाटे आणि दशम्या करून आण, शेंगदाण्याची चटणी आण, दही इथे मी देतो. ज्वारीच्या पिठाचे धपाटे दोन दिवस छान राहतात, गाडीत खाता येतात, हात पुसायला कागद पुरतो. नाश्ता फक्त सोमवारी करायचा, तेव्हा घाई नाही.

तिकिटांचं काम सोपं. अजिंठा आणि वेरूळला भारतीयांना माणशी 40 रुपये, मकबरा आणि दौलताबादला 25, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. चार मोठ्यांचे अजिंठ्याचे 160, वेरूळचे 160. फाट्यावरचं पार्किंग आणि बसभाडं वेगळं. सहलीचा खरा खर्च गाडी आणि खोल्यांचा. तिकिटं वाचवायला कुणी लेणं गाळू नये.

प्रत्यक्षात

शुक्रवारी गाडी तासाभराहून जास्त उशिरा आली. हॉटेलात सामान टाकून मकबऱ्यावर पोचेपर्यंत पाच वाजले. पाणचक्की आपोआप गळाली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. यादी जुनी असती तर त्या क्षणी तीन जागा सुटल्याची हळहळ सुरू झाली असती. आबांनी नातवाला जवळ नेऊन दाखवलं: संगमरवर खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला, मधला भाग दगडाचा आणि त्यावर गिलावा. आईसाठी, दिलरस बानूसाठी, आझमशहानं बांधलेली कबर. आत जाळीच्या कठड्यावरून खाली वाकून कबर पाहायची असते. लोक वरून नाणी टाकतात. मुलीनं एक रुपया मागितला, आबांनी दिला नाही, सासूबाईंनी दिला.

शनिवारी साडेसहाऐवजी सात वाजून गेल्यावर निघाले. सिल्लोडला चहा, आणि पहिल्या लेण्याच्या दारात सव्वादहा. तिथे दोन सहलींची रांग लागलेली, आत ठरावीक माणसंच सोडतात. याची तोड आधीच कागदावर लिहिलेली होती: नऊला पोचलात तर एक नंबरपासून, दहानंतर पोचलात तर थेट सव्विसावर जा आणि उलटे या. बहिणीनं तेच केलं. आबांसाठी डोली केली. चार भोई, दर आधी ठरवून, कुठल्या लेण्यापासून कुठल्या लेण्यापर्यंत आणि परत, हे नीट बोलून. अर्धवट बोलणं झालं की खाली उतरताना घासाघीस सुरू होते. आबांना आधी लाज वाटत होती. माणसांच्या खांद्यावर बसणं त्यांना पटेना. मग भोयांपैकी एक जण त्यांच्या परिचयाच्या गावचा निघाला आणि बोलणं दुसरीकडे वळलं.

सव्विसाव्या लेण्यात गर्दी नव्हती. सोळाव्यात आबा वराहदेवाच्या लेखासमोर उभे राहिले, आणि सतराव्यात त्यांनी अर्धा तास घेतला. हा अर्धा तास वेळापत्रकात नव्हता, एकोणिसावं लेणं त्यात गेलं. दाजी बाहेर बाकावर मुलीला मांडीवर घेऊन बसले, ती झोपली. परत येताना एक आणि दोन नंबरला रांग ओसरलेली होती, कारण सहलींचं जेवण सुरू झालं होतं. दहाव्यात मुलानं जॉन स्मिथची सही शोधायचा हट्ट धरला. ती बरीच उंचावर आहे, कारण तेव्हा लेण्यात गाळ साचलेला होता आणि माणूस त्यावर उभा राहून कोरत होता. आजोबांनी हे सांगितल्यावर त्याला ती दिसली. हॉटेलात परत यायला सहा वाजले. संध्याकाळ रिकामी ठेवली होती ती सगळ्यांनी झोपून काढली.

रविवारी पहाटे पावणेसहाला गाडी निघाली, धपाट्यांच्या डब्यासकट; डबा दर्शनानंतर उघडायचा होता. घृष्णेश्वराची रांग रविवारच्या मानानं लवकर सुरू झालेली, सव्वा तास लागला. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, पुरुषांना गाभाऱ्यात उघड्या अंगानं जावं लागतं. जानेवारीच्या पहाटे दाजींना हे सांगून ठेवलेलं बरं होतं, म्हणून मी सांगितलं होतं. सध्याचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं. सासूबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांची सहल पूर्ण झाली होती.

आठ-सव्वाआठला कैलासात. एवढ्या लवकर उन्हाचा पत्ता नसतो, सगळं सावलीत असतं, फोटो निळसर येतात. पण प्रांगण जवळजवळ रिकामं. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं हे मंदिर डोंगर वरून खाली कोरत काढलंय. ते कळायला माणसानं गप्प उभं राहून आधी कळस आणि मग पाया पाहावा लागतो, आणि गर्दीत ते होत नाही. दगडी हत्तीपाशी आबांना बसवलं. बाकीचे ओसरीतून फिरले, रावण कैलास हलवतोय त्या शिल्पाशी मुलगा रेंगाळला. कैलासाला दीड तास धरला होता, तो पुरा लागला. दहाच्या पुढे एसट्या आल्या, तेव्हा ही मंडळी दहाव्या लेण्यात, सुतार झोपडीत, लाकडी वाशांसारखं कोरलेलं दगडी छत पाहत होती. तीन मजली बारावं लेणं फक्त दाजी आणि मुलगा चढले. मग वाहनानं उत्तरेच्या टोकाला, जैन लेण्यांकडे, इंद्रसभा पाहिली. 34 लेण्यांपैकी एवढीच, आणि साडेबाराला बाहेर. एक-दोन वाजता जेवून झोपले. संध्याकाळी गुलमंडीऐवजी पाणचक्की झाली, कारण मुलीला पाण्यावर फिरणारं चाक बघायचं होतं.

सोमवारी बहीण, दाजी आणि दोन्ही मुलं दौलताबादला. मुलगी आईबरोबर चांद मिनार आणि भारतमाता मंदिरापर्यंत जाऊन खालीच थांबली. बापलेक पुढे गेले. गोवळकोंड्याचा तानाशाह जिथे कैदेत होता तो चिनी महाल, मेंढा तोफ, खंदकावरचा पूल, आणि मग अंधारी, म्हणजे किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट. अंधारीत वटवाघळांचा वास येतो, पायऱ्या उंचसखल, मोबाइलचा उजेड पुरत नाही. दाजी बारादरीला पोचून बसले. पोरगा माथ्यावर जाऊन तोफ बघून आला आणि खाली येताना बापाचं पाणी पिऊन बसला. साडेबाराला आमच्या घरी. तोवर आबांनी माझ्याकडची दोन पुस्तकं बाजूला काढून ठेवली होती, परत मिळतील न मिळतील.

दाजींचा हिशोब: चौदापैकी सहा. घृष्णेश्वर वेरूळपासून वेगळं धरलं म्हणून सहा. ते अजून कुरकुर करतात.

वार बदलले तर

याच घरानं शनिवारी रात्री येऊन मंगळवारी परतायचं ठरवलं असतं तर अजिंठा रविवारी करावं लागलं असतं, गर्दी सोसून, कारण सोमवारी ते बंद. सोमवारी वेरूळ, आणि घृष्णेश्वराला त्या दिवशी रांग लांब, म्हणून दर्शन पहाटे पाचच्या पुढे धरून लेणी नंतर. मंगळवारी वेरूळ बंद, दौलताबाद आणि मकबरा उघडे.

पावसाळ्यात वेळा सगळ्याच बदलतात. वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्याजवळ धबधबा असतो, तो पाहायला तास जादा धरावा. अजिंठ्याच्या पायऱ्या निसरड्या असतात, डोलीला जास्त वेळ लागतो. म्हैसमाळ हिरवं असतं आणि तेव्हा ते गाळू नये, पक्क्या जागेत टाकावं. मे महिन्यात कैलासाचा दगड अकरानंतर तापतो. अनवाणी चालायच्या जागा तेव्हा साडेदहाच्या आत उरकाव्यात, आणि आबांसारखं कुणी बरोबर असेल तर दौलताबाद यादीत लिहूच नये.